जुनी शिडाची बोट सफरीला काढण्याआधी: दुरुस्तीचा क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

जुनी बोट हातात आली की पहिला खर्च रंगावर होतो, दुसरा गाद्यांवर आणि तिसरा चार्टप्लॉटरवर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा). मग डिसेंबरात मांडव्याच्या पुढे गेल्यावर बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या खोलगट भागात) पाणी दिसतं, पंप कचऱ्याने अडकलेला असतो आणि नवा रंग पुन्हा खरवडावा लागतो. बहुतेकांची मेहनत कमी पडत नाही. क्रम चुकतो आणि पावसाळ्याचं गणित चुकतं.

हा लेख २५ ते ३० फुटी, फायबरच्या, आत छोटं डिझेल इंजिन असलेल्या, २५-३० वर्षं जुन्या बोटीसाठी आहे. बोट बेलापूर, दिवाळे, उरण या पट्ट्यात कुठेतरी आहे आणि हिवाळ्यात मुरुड-जंजिरा, दाभोळ, जयगड, जमलं तर मालवणपर्यंत जायचं आहे, असं धरलंय. लाकडी बोटीचं गणित वेगळं असतं, ते इथे नाही.

पैसे घालण्याआधी एक गोष्ट बघा. महाराष्ट्र सागरी मंडळाकडची नोंदणी तुमच्या नावावर झाली आहे का, आणि कागदावरचा हल नंबर (हल म्हणजे बोटीचं कवच) बोटीवरच्या नंबराशी जुळतो का? नसेल तर आधी ते मिटवा, बोट नंतर उघडा.

## टप्पा १: बोट रिकामी करा, मग यादी

गाद्या, भांडी, जुने दोर, फळ्या, लॉकरमधले अर्धवट डबे, सगळं बाहेर काढा. भरलेल्या बोटीची तपासणी म्हणजे वेळ घालवणं. फ्लोअरबोर्ड काढा, बिल्ज कोरडी पुसा, आणि मगच वही उघडा.

वहीत तीन रकाने करा.

१. बुडवणारं: सीकॉक (हलच्या भोकावरचा व्हॉल्व्ह), होज (त्याला जोडलेली नळी), स्टफिंग बॉक्स (प्रोपेलरचा शाफ्ट हलमधून जातो तिथे पाणी अडवणारा भाग), कील (तळाखालचा जड पंखा), सुकाणू, चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा धरणाऱ्या पट्ट्या), डोलकाठीच्या तारा, गॅसची जोडणी.
२. अडकवणारं: इंजिन, डिझेलची टाकी, बॅटरी, नांगर आणि साखळी, शिडं.
३. खुपणारं: गळकी खिडकी, कुजकट वास, फाटकी गादी, फिका रंग.

पहिला रकाना मिटेपर्यंत तिसऱ्यातलं एकही काम हातात घ्यायचं नाही. नियम साधा आहे, पण तो पाळायला जड जातो, कारण तिसऱ्या रकान्यातलं काम लगेच दिसतं आणि घरचे त्यावरच बोलतात. एक अपवाद: बंकच्या (झोपायच्या फळीच्या) वरच टपकणारी गळती दिसायला तिसऱ्यातली असली, तरी तिचं मूळ चेनप्लेटमध्ये असेल तर ती पहिल्यात टाका.

चौथा रकाना कोरा ठेवा: "उघडल्यावर काय सापडलं". जुन्या बोटीवर एक काम उघडलं की तीन निघतात, आणि वैताग खरा तिथेच येतो. तो टाळता येत नाही, पण त्याची सोय करता येते. जो खर्चाचा अंदाज निघेल त्याच्या निम्मी रक्कम वेगळी ठेवा आणि ती कुठल्याही कामाच्या नावावर टाकू नका.

## टप्पा २: कामं पावसाळ्याभोवती बसवा

सगळ्यात महागडी चूक म्हणजे मे महिन्यात बोट बाहेर काढून "पावसाआधी उरकू" म्हणणं. उरकत नाही. मग हल अर्धवट घासलेला, डेकला भोकं, आणि वरून जूनचा पाऊस.

ठाणे-नवी मुंबईच्या हवेत जमणारा क्रम असा:

- जानेवारीअखेर ते मे: बोट बाहेर काढणं, हल आणि डेक उघडून वाळवणं, फायबरचं सगळं काम.
- जून ते सप्टेंबर: आच्छादनाखाली आतली कामं. वायरिंग, इंजिन, प्लंबिंग. शिडं शिवायला द्यायची तीही याच काळात.
- ऑक्टोबर: पाऊस माघारी फिरला आणि हवा कोरडी झाली की तळाचा रंग, मग पाण्यात.
- नोव्हेंबर: चाचण्या.
- डिसेंबर ते फेब्रुवारी: सफर.

म्हणजे या हिवाळ्यात घेतलेली बोट पुढच्या हिवाळ्यात सफरीला निघते. हे ऐकून लोक नाराज होतात. पण घाईत दोन हंगाम जाण्यापेक्षा हिशेबाने एक गेलेला परवडतो.

## टप्पा ३: बोट बाहेर काढणं

कील असलेली बोट ओहोटीला खाडीच्या चिखलात बसवून तळ बघायचा विचार सोडा. कील रुततो, बोट कलंडते आणि पुढची भरती ती सरळ होण्याआधी आत शिरू शकते. क्रेनच लागते.

वेळ. कोळीवाड्यातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तेवढ्या तासांनी बारानंतर भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे उधाणाच्या दिवशी भर उजेडात खोल पाणी मिळतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती लहान असते तेव्हा, दुपारी ओहोटी असते, जेट्टीला बोट लागतच नाही. दिवस ठरवायला हा हिशेब पुरतो. क्रेनची वेळ मात्र छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकावरूनच ठरवा आणि तासभर आधी हजर राहा.

हायड्रा. इथे क्रेन म्हणजे बहुतेक वेळा हायड्रा, चाकांवरची छोटी क्रेन. ऑपरेटर सांगतो, "बारा टनी आहे साहेब, तुमची चार टनाची बोट म्हणजे काहीच नाही." तेव्हा विचारा, "किती लांब बूम काढल्यावर बारा टन, भाऊ?" तो आकडा बूम (क्रेनचा लांब होणारा हात) आखूड आणि भार जवळ असतानाचा असतो. जेट्टीच्या कडेवरून पाण्यातली बोट उचलायला बूम लांबवावी लागते आणि क्षमता झपाट्याने घसरते. केबिनमध्ये लोड चार्ट असतो, तो दाखवायला सांगा. नसेल तर दुसरी हायड्रा बघा. बोटीचं वजन कागदावरचं धरू नका, जुन्या बोटीने बरंच पाणी आणि सामान पोटात घेतलेलं असतं.

बेल्ट. पट्ट्याचे, रुंद, दोन. तारेचा दोर नको. एक कीलच्या पुढे, एक मागे, पण प्रोपेलरचा शाफ्ट, सुकाणू आणि तळाचे सेन्सर टाळून. दोन्ही बेल्ट एकमेकांना दोराने बांधा, नाहीतर पुढचा नाळेवर सरकतो. वर स्प्रेडर (बेल्ट फाकवून धरणारा आडवा दांडा) लावा, म्हणजे डेकची कड दाबली जाणार नाही. बेल्ट कुठे बसले ते डेकच्या कडेला टेपने खुणा करून ठेवा, ऑक्टोबरात त्याच खुणा लागतील.

टेकवणं. सगळं वजन कीलवर, खाली जाड लाकडी ठोकळे. बाजूचे स्टँड फक्त कलंडू नये म्हणून. समोरासमोरचे स्टँड बोटीखालून साखळीने जोडा. मुरमाच्या जमिनीवर प्रत्येक स्टँडखाली प्लायवूड किंवा फळी हवीच, कारण पावसात जमीन मऊ होते आणि स्टँड रुततात.

> सावधान: ताडपत्रीचे दोर स्टँडला कधीही बांधू नका. वळवाच्या वाऱ्यात ताडपत्री फडफडते, स्टँड ओढून काढते आणि बोट आडवी होते. दोर हलखालून पलीकडे न्या किंवा पाण्याचे कॅन लटकवा.

> तपासणी: प्रत्येक मोठ्या पावसानंतर सगळे स्टँड हाताने हलवून बघा. एखादा सैल आणि समोरचा घट्ट असेल तर बोट सरकते आहे.

पावसाळाभर बोट जमिनीवर राहणार असेल तर डोलकाठी उतरवूनच ठेवा. पुढे ती तपासायचीच आहे.

## टप्पा ४: पहिल्या दोन तासांत तळ वाचा

बोट वर आली की लोक चहाला जातात. नेमकं तेव्हाच थांबायचं असतं. सुकाणूच्या तळातून पाणी ठिबकतंय का, कील आणि हलच्या सांध्यातून ओघळ येतोय का, हे पहिल्या काही तासांतच कळतं. जिथे ओल झिरपताना दिसेल तिथे खडूने गोल करून फोटो काढा. दुसऱ्या दिवशी सगळं कोरडं आणि सारखंच दिसतं.

बार्नॅकल आणि कालवं ओली असतानाच खरवडा. वाळली की फायबरचा थर घेऊन निघतात. जुना अँटिफाउलिंग (कालवं-शेवाळ धरू नये म्हणून लावलेला तळाचा रंग) कोरडा घासू नका, त्याची धूळ विषारी असते. पाणी वापरून घासा, मास्क लावा, निघालेला गाळ खाली प्लास्टिक पसरून गोळा करा. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून ती रामसर पाणथळ जागा आहे. तो गाळ खाडीत सोडायचा नाही.

मग तीन गोष्टी बघा.

फोड. तळावर फुगवटे दिसले की घाबरायची गरज नाही. एक फोडा. आतून व्हिनेगरसारखा वास येणारं पाणी निघालं तर ते ऑस्मोसिस, म्हणजे फायबरच्या थरात पाणी शिरलेलं. दहा-वीस फोड असतील तर प्रत्येक उघडायचा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा, वाळवायचा, इपॉक्सीने भरायचा. सगळा तळ फोडांनी भरला असेल तर वाळवायला महिने लागतात आणि या वर्षीची सफर विसरा.

कीलचा सांधा. पुढच्या बाजूला केसाएवढी भेग बऱ्याचदा फक्त भरावाची असते. पण त्यातून गंजाचा ओघळ येत असेल, किंवा भरलेली भेग पुन्हा उघडली असेल, तर आतून कीलचे बोल्ट तपासा. हे काम अंदाजाने करायचं नाही, सर्व्हेअर बोलवा.

सुकाणू. टोक धरून पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवा. खडखड म्हणजे बेअरिंग गेलं. ठिबकत असेल तर तळाशी छोटं भोक पाडून पाणी उतरू द्या. आतला फोम आठवडे गळत राहतो.

> तपासणी: हल वाळला का? पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर चौकोन हलवर चारही कडांनी टेपने चिकटवा. उन्हाचा एक दिवस जाऊ द्या. आतून दव धरलं तर अजून ओल आहे.

## टप्पा ५: तळातली भोकं

इथे वेळ घाला. बोट वादळात बुडण्यापेक्षा जेट्टीला उभ्या-उभ्या बुडण्याची शक्यता जास्त, आणि कारण बहुतेक वेळा एखादं शंभर रुपयांचं क्लिप.

कागदावर हलचं चित्र काढा आणि पाण्याखालची प्रत्येक भोकाची जागा दाखवा. इंजिनचं पाणी, सिंक, टॉयलेटची दोन, कॉकपिटचे निचरे, लॉग (वेग मोजणारं यंत्र). जुन्या मालकाने बंद करून ठेवलेलं एखादं सापडतंच.

प्रत्येक सीकॉक उघड-बंद करा. हँडल अडकलं तर पाना लावून ताकद करू नका, तुटलं की भोक उघडं. मग चाकूने धातू खरवडा. पिवळा चकचकीत निघाला तर ठीक. गुलाबी किंवा तांबूस आणि भुसभुशीत असेल तर पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्याने खाऊन टाकलंय. असा सीकॉक हातोडीच्या हलक्या ठोक्याने तुटतो.

आता नेहमीची चूक. हार्डवेअरच्या दुकानातला घरगुती पितळी बॉल व्हॉल्व्ह, वर निकेलचा मुलामा, दिसायला तोच, किमतीला पाव. तो पाण्याखाली लावायचा नाही. ब्रॉन्झ, डीझेडआर (जस्त सहज न गमावणारं) पितळ, किंवा बोटींसाठीच बनवलेला काच-तंतू मिश्रित नायलॉनचा घ्या. चाकवाला गेट व्हॉल्व्ह दिसला तर तो काढाच. तो बंद झाला की नाही ते बाहेरून कळत नाही.

दुसरी चूक आट्यांची. आपल्याकडचं प्लंबिंग बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) आट्यांचं, अमेरिकी बनावटीच्या बोटींवर एनपीटी किंवा एनपीएस (अमेरिकी मापाचे). अर्धा आणि पाऊण इंचात दोन्हींचे इंचामागे १४ आटे, त्यामुळे एकमेकांत बसतात. बसतात, पण आट्यांचा कोन ५५ आणि ६० अंश असा वेगळा, म्हणजे दोन-तीन आट्यांवर लटकलेली जोडणी. एक इंचात ११ आणि साडेअकरा, तिथे तरी अडखळून कळतं. व्हॉल्व्ह घ्यायला जाताना जुना भाग सोबत न्या आणि हाताने किती आटे जातात ते मोजा.

होज मऊ, फुगलेला किंवा तडकलेला असेल तर बदला. क्लिपची पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साधा, असा माल सर्रास मिळतो. स्क्रू आधी गंजतो. जिथे नळीची जागा पुरते तिथे दोन क्लिप लावा. प्रत्येक सीकॉकला त्या मापाची निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा.

जी भोकं वापरात नाहीत ती नवीन व्हॉल्व्ह घालून जपण्यापेक्षा कायमची बुजवा. पद्धत टप्पा ७ मध्ये आहे.

## टप्पा ६: डेक आणि चेनप्लेट

अशा बोटीची डेक बऱ्याचदा दोन फायबरच्या थरांमध्ये बाल्साच्या लाकडाचा गाभा घेऊन बनलेली असते. प्रत्येक फिटिंगचं भोक त्या गाभ्यातून जातं. सीलंट म्हातारं झालं की पाणी गाभ्यात उतरतं आणि बाल्सा ओल्या बिस्किटासारखा होतो.

प्लास्टिकच्या तोंडाच्या हातोडीने डेक हातभर अंतरावर ठोकत जा. कणखर आवाज ठीक. बद्द आवाज आला की पेन्सिलने सीमा आखा. बद्द भाग फिटिंगभोवती तळहाताएवढा असेल तर भोक मोठं करा, आजूबाजूचा कुजलेला गाभा वाकवलेल्या खिळ्याने ओढून काढा, पूर्ण वाळू द्या, घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा आणि मग बोल्टचं भोक नव्याने पाडा. आता पाणी आलं तरी गाभ्यापर्यंत पोचत नाही. डेकचा मोठा भाग बद्द वाजत असेल तर वरचा थर कापून गाभा बदलावा लागतो. ते मोठं काम आहे, उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच हातात घ्या.

फिटिंग पुन्हा बसवताना ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावा. सिलिकॉन लावू नका. चिकटतं कमी, आणि एकदा लागलं की त्या जागी पुढे दुसरं काहीच धरत नाही, रंगसुद्धा. आणि "एकदाच कायमचं" म्हणून जे पॉलियुरेथेन चिकटद्रव्य मिळतं ते डेकच्या फिटिंगला नको. पुढच्या वेळी फिटिंगबरोबर डेकचा तुकडा निघेल.

चेनप्लेट म्हणजे डोलकाठीच्या तारा बोटीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या. त्या डेकमधून जातात त्या अर्ध्या-पाऊण इंचात खराब होतात, म्हणजे नेमक्या जिथे दिसत नाहीत तिथे. स्टेनलेसला स्वच्छ राहायला हवेतला ऑक्सिजन लागतो. ओल्या, बंद फटीत तो मिळत नाही आणि धातू आतून कुरतडला जातो. वरून चकचकीत, आत खड्डे. किमान एक पूर्ण बाहेर काढून भिंगाखाली बघा. त्यावर खड्डा किंवा भेग असेल तर सगळ्या काढा.

नव्या बनवायला रबाळे, पवणे किंवा वागळे इस्टेटमध्ये लेथ आणि फॅब्रिकेशनची दुकानं आहेतच. अडचण मालाची असते. ३१६ मागितलं तरी ३०४ मिळतं, कधी रेलिंगचं २०२. तिन्हींना लोहचुंबक चिकटत नाही, त्यामुळे "बघा, चुंबक लागत नाही" हा पुरावा नाही. मोलिब्डेनम ओळखणारं द्रावण मिळतं, थेंब टाकून बघा, किंवा मशिनने तपासलेलं प्रमाणपत्र मागा. जुनी पट्टी वेल्डिंग करून वापरायची सूचना येईल. नको.

## टप्पा ७: फायबरचं काम

इथे कारागीर चांगले आहेत. पाण्याच्या टाक्या, कोळ्यांच्या होड्या, बसचे भाग, सगळं करतात. पण त्यांचा हात पॉलिएस्टर रेझिनवर बसलेला असतो आणि जुन्या बोटीच्या दुरुस्तीला इपॉक्सी बरी. फरक त्यांना आधी समजावा लागतो.

- जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी धरते. इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. म्हणजे एकदा इपॉक्सी वापरली की त्या जागी शेवटपर्यंत इपॉक्सीच.
- पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट थोडा कमी-जास्त करून वेग बदलतात. इपॉक्सीत हार्डनरचं प्रमाण ठरलेलं असतं. "जरा जास्त टाकलं की लवकर सुकेल" असं म्हणून टाकलं तर ते कधीच नीट कडक होत नाही. वजनकाटा वापरा, झाकणाने मापू नका.
- साधी कापलेल्या धाग्यांची मॅट पॉलिएस्टरसाठी असते. तिचा बाइंडर स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. इपॉक्सीबरोबर विणलेलं किंवा बायॲक्सिअल कापड घ्या.
- मे महिन्याच्या उन्हात इपॉक्सी भांड्यातच उकळते. तापमान १० अंशांनी वाढलं की हाताळायचा वेळ साधारण निम्मा होतो. पहाटे काम करा, थोडी थोडी बनवा, पसरट ट्रेमध्ये ओता.

पॉलिएस्टरनेच काम करायचं ठरलं तर जनरल पर्पज रेझिन पाण्याखाली नको. आयसोफ्थॅलिक किंवा त्याहून बरं म्हणजे व्हिनाइल एस्टर मागा.

> सावधान: दुकानात कॅटॅलिस्ट आणि कोबाल्टचं ॲक्सिलरेटर वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतं. ही दोन थेट एकमेकांत कधीही मिसळायची नाहीत, स्फोट होऊ शकतो. ॲक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग कॅटॅलिस्ट. दोन्ही बाटल्या एका खोक्यातही ठेवू नका.

भोक बुजवताना कड सरळ ठेवून त्यात गोळा भरला तर तो एक दिवस बुचासारखा निघून येईल. कडेला उतार हवा: हलची जाडी जितकी, त्याच्या बारापट रुंदीचा. १० मिलिमीटर जाड हलला भोकाच्या चहूबाजूंनी १२ सेंटिमीटर घासायचं. एवढ्याशा भोकाला एवढी मोठी ताटली बघून कारागीर हसेल. हसू द्या, ताटली घासून घ्या.

इपॉक्सी वाळल्यावर तिच्यावर मेणकट, चिकट पापुद्रा येतो, दमट हवेत जास्तच. तो आधी पाणी आणि स्क्रबरने धुवायचा, मग सँडपेपर. उलट केलं तर तो पापुद्रा घासून आत दाबला जातो आणि पुढचा थर सुटतो.

## टप्पा ८: डोलकाठी, तारा, शिडं

डोलकाठी आडवी असताना कापसाचा बोळा तारेवरून फिरवा. धागा अडकला की तुटलेला पदर सापडला. तारांची खालची टोकं, जिथे त्या फिटिंगमध्ये दाबलेल्या असतात, ती भिंगाने बघा. पाणी तिथेच साचतं, भेगाही तिथेच येतात. तारांचं वय कळत नसेल किंवा १०-१५ वर्षांच्या पुढे असेल तर बदलाच. एका तारेचा पदर तुटला म्हणून तेवढीच बदलणं म्हणजे बाकीच्यांची वाट बघणं.

डोलकाठीच्या टोकाची पुली, दिव्याची वायर, व्हीएचएफची (बोटीच्या रेडिओची) वायर आत्ताच बघा. वर चढून करणं जिवावर येतं.

शिडाची शिवण नखाने खरवडा. धागा तुटला तर कापड ठीक असूनही सगळं पुन्हा शिवावं लागेल. ऊन आधी धागा खातं.

## टप्पा ९: इंजिन

आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दुपारी वायव्येचा वारा असतो. मालवणकडे जाताना तो पाठीशी, परतताना तोंडावर. म्हणजे परतीचा अर्धा प्रवास इंजिनवर करावा लागणार, हे धरूनच इंजिन तयार करा.

थंड करणाऱ्या पाण्याचा मार्ग सीकॉकपासून एक्झॉस्टपर्यंत क्रमाने तपासा. जुन्या इम्पेलरची (पाणी ओढणाऱ्या पंपातल्या रबरी चक्राची) एखादी पाकळी गायब असेल तर ती शोधा, पुढे हीट एक्स्चेंजरमध्ये अडकलेली असते. एक्झॉस्टचा कोपरा उघडून बघा, काजळी आणि मिठाने तो अर्धा बंद असतो. इंजिन रिकामं चालताना ठीक आणि भारावर तापतं, याचं हे नेहमीचं कारण. खाडीत गाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या आहेतच, म्हणून स्ट्रेनर (आत येणाऱ्या पाण्याची गाळणी) मोठा घ्या आणि हात पोचेल तिथे लावा.

डिझेलची टाकी झाकण उघडून आतून धुवा. जुन्या टाकीच्या तळाशी पाणी आणि काळा चिकट गाळ असतो. खाडीत तो शांत पडून राहतो. बाहेर लाटेत ढवळला की फिल्टर बंद, तेही नेमकं बंदराच्या तोंडाशी. पाणी वेगळं करणारा पहिला फिल्टर लावा आणि चार सुटे जवळ ठेवा.

शाफ्टचं अलाइनमेंट जमिनीवर असताना करून घेऊ नका. पाण्यात गेल्यावर हलचा आकार किंचित बदलतो.

## टप्पा १०: वायरिंग आणि गॅस

कलई केलेली तांब्याची वायर, दाबून बसवलेले लग, प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाजवळ वीतभराच्या आत फ्यूज. घरगुती वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडते. जुन्या वायरींचा गुंता उलगडत बसण्यापेक्षा काढून टाकून नवीन ओढणं लवकर होतं.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की बिल्जमध्ये साचतो. सिलिंडर डेकवर किंवा तळाशी बाहेर निचरा असलेल्या बंद लॉकरमध्येच. जमत नसेल तर या हंगामात रॉकेल किंवा स्पिरिटच्या स्टोव्हवर भागवा.

## टप्पा ११: तळाचा रंग आणि अ‍ॅनोड

ऑक्टोबरात सकाळी हलवर दव असतं. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर असेल तेव्हाच ब्रश हातात घ्या. इपॉक्सी प्रायमरचा शेवटचा थर अंगठा लावल्यावर ठसा उमटेल पण रंग हाताला लागणार नाही, त्या अवस्थेत पहिला अँटिफाउलिंग द्या. पूर्ण वाळू दिला तर पुन्हा घासावं लागेल. डब्यावर पाण्यात कधी सोडायची ती मुदत लिहिलेली असते. हायड्राची तारीख आधी ठरवा, रंगाची तारीख त्यावरून मागे मोजा.

अ‍ॅनोड अ‍ॅल्युमिनियमचे घ्या. बाकीचा धातू वाचवायला ते स्वतः झिजतात. खाडीचं पाणी पावसाळ्यात निमखारं होतं आणि तिथे जस्तावर पापुद्रा धरून ते काम थांबवतं. अ‍ॅनोडवर रंग लावू नका, रंगाऱ्याला आधीच बजावून ठेवा.

## टप्पा १२: पाण्यात

बोट पाण्यात टेकली तरी बेल्ट सोडू नका. ऑपरेटरला घाई असते. त्याला थांबवून पाव तास खाली जा, टप्पा ५ चं चित्र हातात घेऊन प्रत्येक सीकॉकवर कोरडा टिश्यू फिरवा. एक जरी ओला झाला तरी बोट वर. पहिली रात्र बोटीवर झोपा.

इंजिन चालू असताना जुन्या पद्धतीच्या स्टफिंग बॉक्समधून मिनिटाला काही थेंब पडायला हवेत. पूर्ण आवळून कोरडा केला तर शाफ्ट झिजतो. दोन दिवसांनी अलाइनमेंट करून घ्या.

डोलकाठी उभी झाली की पाण्यापासून अँटेनाच्या टोकापर्यंतची उंची मोजून वहीत लिहा. जाण्याच्या वाटेवरचा प्रत्येक पूल आणि उच्च दाबाची प्रत्येक तार उधाणाच्या भरतीला किती मोकळी असते, ते त्या आकड्याशी ताडून बघा.

## टप्पा १३: चाचण्या

पहिली चाचणी इंजिनची: पूर्ण भारावर सलग तासभर, तापमानाकडे लक्ष ठेवून. दुसरी शिडाची: दुपारच्या वाऱ्यात दोन्ही बाजूंनी बोट चांगली कलू द्या. कललेल्या बोटीत आत जाऊन चेनप्लेट, सिंक आणि सुकाणूचा सांधा बघा, सरळ उभ्या बोटीत न दिसणारी गळती तेव्हा दिसते. वाऱ्याखालच्या बाजूच्या तारा लोंबत असतील तर पुन्हा ताणा, नव्या तारा सुरुवातीला सैल पडतातच. जहाजांच्या मार्गापासून दूर राहा आणि डोल जाळ्यांच्या खुंटांवर नजर ठेवा. ओहोटीला ते दिसतात, भरतीला पाण्याखाली जातात.

तिसरी चाचणी लोक हमखास टाळतात: एक पूर्ण रात्र नांगरावर. बॅटरी सकाळपर्यंत टिकते का, साखळी कुठे घासते, बिल्ज पंप रात्रीत किती वेळा चालू होतो, हे जेट्टीला बांधलेल्या बोटीत कळत नाही.

या तिन्हींत सापडलेल्या गोष्टी त्याच वहीत, त्याच रकान्यांत लिहा. "बुडवणारं" मध्ये एकही ओळ उघडी असेल तर निघायची तारीख पुढे ढकला. "खुपणारं" मधल्या वीस उघड्या असल्या तरी निघा.

निघताना व्हीएचएफ १६ क्रमांकाच्या वाहिनीवर, तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक केबिनमध्ये ठळक लिहिलेला, आणि घरच्यांकडे थांब्यांची लेखी यादी. डिझेल जाण्याचं नाही, परतीचं मोजा. परतीच्या शेवटच्या दिवशी जेट्टीवर भरती किती वाजता आहे ते जातानाच बघून ठेवा. भांगाच्या दिवशी दुपारी पोचलात तर जेट्टीसमोर चिखल असेल आणि संध्याकाळपर्यंत बाहेर नांगर टाकून बसावं लागेल.